विहीणबाई आणि हलालचा शिक्का

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. उद्या कुणी म्हणालं की असं बोलणं झालंच नव्हतं, तर आपल्या हाताशी काहीतरी असावं.

नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाचं दुपारचं जेवण आपल्याला मिळतंय. मागच्या वर्षी विहीणबाईंनी आणि मी लाँड्रीच्या मागची जागा भाड्यानं घेऊन हे स्वयंपाकघर सुरू केलं, तेव्हा एवढं मोठं काम दारात येईल असं वाटलं नव्हतं. खरं तर आम्ही दोघी एका ओट्याशी उभ्या राहू असंच कुणाला वाटलं नव्हतं. माझ्या मुलानं त्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. त्या मुसलमान, आम्ही नाही. मग एका रविवारी त्यांनी माझी वांग्याची भाजी खाऊन 'यात काय घातलंत' असं विचारलं, मी त्यांच्या रश्श्याचं विचारलं, आणि तिथून गाडी इथवर आली. मांसमच्छी त्यांच्याकडे. भाज्या, भात, गोड आणि सगळी खरेदी माझ्याकडे. डबे पोचवायला हे आणि यांची व्हॅन.

कॉलेजची एकच अट आहे. हलालचं प्रमाणपत्र हवं. निम्म्या मुलींना ते लागतं.

मी म्हटलं, "आपण तर चिकन पहिल्यापासून तुमच्याच खाटकाकडून घेतो. मग शिक्का कशाला?"

विहीणबाई म्हणाल्या, "आपल्याला माहीत आहे. त्या मुलींना कसं माहीत असणार?"

बोलणं बरोबर होतं. पण बोलल्या आणि एकदम गप्प झाल्या. कांदा चिरताना सुद्धा गप्प. मी तीस वर्षं धान्याच्या गोदामात आलेला माल तपासायची नोकरी केली आहे. ट्रकवाला नेहमीपेक्षा गप्प असला की मी खालचं पोतं आधी उघडायला लावायची.

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी वन्संचा फोन. यांची थोरली बहीण, त्यामुळे फोन आला की उभं राहून बोलायची सवय अजून सुटलेली नाही. त्यांना शिक्क्याचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "अर्जावर नाव कुणाचं?"

मी म्हटलं, दोघींचं असणार.

"असणार," वन्सं म्हणाल्या. "बरं. अशा ठिकाणी कुणाचं नाव चालतं आणि कुणाचं नाही, ते तू मला सांगू नकोस. आधी चुलीला हात, मग चुलीवर हक्क. मी काही म्हणत नाही."

वन्सं 'मी काही म्हणत नाही' म्हणतात तेव्हा सगळं म्हणून झालेलं असतं. हे माझ्यासाठी नवीन नाही. तरी रात्री जेवताना यांना विचारलं. हे म्हणाले, "तू गोदाम सोडलंस, पण गोदामानं तुला सोडलं नाही." आणि आमटीत पोळी बुडवायला लागले. या माणसाला काही वाटतच नाही.

१० मार्च, सोमवार

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस आला. तिशीचा असेल. हातात टॉर्च. दिवसाढवळ्या, लख्ख उजेडात, टॉर्च. मी मनातल्या मनात त्याचं नाव टॉर्चवाला ठेवलं.

खोटं कशाला लिहू, काम चोख करतो. फ्रीजच्या रबराच्या घडीतसुद्धा टॉर्च मारला. पुडिंगचं जिलेटिन कुठल्या जनावराचं आहे ते पाकिटावर नाही म्हणून बाद. सूपच्या वड्या बाद. पावाला लोणी लावायचा माझा ब्रश हातात घेऊन केस वाकवून बघितले आणि म्हणाला, "हे डुकराचे असू शकतात." मी इतकी वर्षं त्या ब्रशनं लोणी लावतेय आणि माझ्या डोक्यात कधी हा प्रश्न आला नाही, याचं मला वाईट वाटलं. व्हॅनिलाच्या इसेन्समध्ये मद्यार्क आहे, म्हणून तोही बाद. बाटली भरलेली होती. टाकायचं जिवावर आलं. घरच्या केकला होईल म्हणून पिशवीत टाकली. विहीणबाईंच्या देखत टाकली.

मग तो आणि विहीणबाई मागच्या दाराशी उभे राहून बोलत होते. मी भांडी ठेवायच्या निमित्तानं गेले. तो म्हणत होता, "त्यांचं नाव काढलं तर..." आणि नेमकं तेव्हाच लाँड्रीचं मोठं यंत्र घुसळायला लागलं. भिंतसुद्धा थरथरते तेव्हा. विहीणबाई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, चेहरा लाल. मला बघितलं आणि दोघं थांबले.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कागदपत्रांचं."

वन्सं म्हणतात तसंच. पाणी मुरतंय.

११ मार्च, मंगळवार

ज्येष्ठांच्या क्लबानं आपलं जेवण बंद केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी आपलेच डबे जात होते. हे व्हॅन घेऊन गेले तर चिटणीस दारातच आडवे. म्हणाले, "आम्हाला मंतरलेलं जेवण नको. तुम्ही शिक्का घेताय असं कळलं."

वर्षभर तेच चिकन बोटं चाटून खात होते. तेव्हा मंतरलेलं नव्हतं आणि शिक्क्याचं नाव निघताच मंतरलं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कळलं कुणाकडून? शिक्का अजून मिळालेला नाही. फलक लावलेला नाही. ही गोष्ट फक्त घरात माहीत होती.

वन्संना फोन करून विचारलं, कारण क्लबातली माणसं त्यांच्या ओळखीची आहेत. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत बाई. मी कुठे रोज जाते? मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी जाते." मग म्हणाल्या, "तुझी जुनी गिऱ्हाइकं तुटून कुणाचं भलं होतंय, ते बघ."

बघितलं. क्लब माझ्या ओळखीनं मिळालेला होता. तो गेला की उरतं ते सगळं विहीणबाईंच्या ओळखीचं.

१४ मार्च, शुक्रवार

विहीणबाई उशिरा आल्या. डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाल्या, कांदा. कांदा अजून पोत्यात होता.

अकराच्या सुमाराला त्यांच्या ओळखीच्या दोन बायका आल्या. सहज म्हणून. सहज आलेलं माणूस फडताळं उघडत नाही. त्यातली जाड चष्म्याची माझ्याकडे बघून विहीणबाईंना म्हणाली, "यापण इथंच शिजवतात?"

विहीणबाई पातेल्यातली पळी न थांबवता म्हणाल्या, "शिजवतात म्हणजे? त्यांचंच आहे."

यावर मी दिवसभर विचार करतेय. 'आमचं आहे' म्हणाल्या नाहीत. 'त्यांचंच' म्हणाल्या. उद्या काही बिनसलं तर जबाबदारी माझ्या गळ्यात, अशी सोय तर नाही ना ही? साक्षीदारही दोन उभ्या केल्या.

बायका चहा न घेता गेल्या. विहीणबाईंनी त्यांच्यासाठी मांडलेले कप तसेच उचलून परत ठेवले आणि बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

१८ मार्च, मंगळवार

आज कुणाला न सांगता खाटकाकडे गेले. माल कुठून येतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

तो मला ओळखतो. म्हणाला, "परवाच तुमच्या विहीणबाई येऊन गेल्या."

"कशाला?"

"पलीकडच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे, त्याचं विचारत होत्या. म्हणजे मीच सांगितलं त्यांना, की वेगळी खोली घेतली तर शिक्का लवकर मिळेल. त्या म्हणाल्या..." आणि थांबला. "जाऊ द्या. त्यांनाच विचारा. मी आधीच बोलणी खाल्ली आहेत."

वेगळी खोली. त्याला बोलणी का खावी लागली, ते मात्र कळलं नाही. गिऱ्हाइकाशी वाद घातला असेल.

मग म्हटलं, आलेच आहे तर बघू. कापताना बघायचंय म्हटल्यावर तो जरा बिचकला, पण आत नेलं. मी मन घट्ट करून उभी राहिले. त्यानं कोंबडीला शांत धरलं, ओठ हलवून देवाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. पापणी लवायच्या आत झालं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," तो म्हणाला. "पण प्रत्येकीला."

परत येताना वाटलं की यात क्लबाच्या चिटणिसांना भिण्यासारखं काय आहे. पण भीती मला चिकनची कधीच नव्हती.

२० मार्च, गुरुवार

ठरवलं. लिहितेय, कारण उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

गोदामात नवा हमाल किंवा नवा तपासनीस आला की आम्ही किडक्या धान्याचा एक डबा मुद्दाम चांगल्या मालात सरकवायचो. त्यानं पकडला तर माणूस खरा. नाही पकडला तर नुसता सह्याजीराव. विहीणबाईंना खरंच हलालची चाड आहे, की मला बाहेर काढायला हे निमित्त आहे, ते मला कळायला हवं. इसेन्सची बाटली घरातच आहे. उद्या सकाळी ती तांदळाच्या पिठाच्या डब्यामागे ठेवणार. रस्सा दाट करायला त्या तिथे हात घालतातच. ओरडल्या तर चाड आहे. गुपचूप सरकवून ठेवली तर मला जे कळायचं ते कळलं. संध्याकाळी मी बाटली परत घेऊन येईन. कुणाचं काही बिघडत नाही.

यांना सांगितलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सांगायला हवं होतं.

मी बाटली ठेवली, भाजीवाल्याशी बोलायला बाहेर गेले, आणि आत आले तर टॉर्चवाला. न कळवता तपासणी. म्हणे नियमात बसतं. हे माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही.

तो सरळ फडताळाकडे गेला. मी उंबऱ्यातच थांबले. त्यानं पिठाचा डबा सरकवला आणि बाटली उचलून उजेडात धरली.

"हे काढायला सांगितलं होतं."

विहीणबाईंनी बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मला जमिनीवरच्या फरशीच्या भेगा मोजाव्याशा वाटत होत्या.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "काढायची राहिली."

"तुम्हाला माहीत असून?"

"राहिली."

त्यानं काहीतरी लिहिलं आणि गेला. प्रमाणपत्र थांबलं. विहीणबाई त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. रस्सा मात्र रोजच्यासारखाच उतरला. त्यांनी माझी चूक स्वतःच्या डोक्यावर का घेतली, याचा मला पत्ता लागत नाही. यात काहीतरी आहे. कुणी उगाच दुसऱ्याचं लचांड आपल्या गळ्यात अडकवून घेत नाही.

२३ मार्च, रविवार

सूनबाई रविवारी येते, आज आली नाही. मुलगा एकटा आला. जेवला नाही. म्हणाला, "आई, तिकडे लोक म्हणतायत की तिच्या आईनं दारू घालून जेवण विकलं. काल दुकानात तिच्याशी कुणी बोललं नाही. तुला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

तो गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले. मी सगळं सांगितलं. बाटली, पिठाचा डबा, किडका माल, सगळं. हे कधी रागावत नाहीत, आजही नाही रागावले. फक्त म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलंस." आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

२६ मार्च, बुधवार

कॉलेजनं कळवलं की ते दुसरीकडे विचारतायत. पक्कं नाही अजून.

विहीणबाई कामाला येतात. "मीठ द्या", "झाकण कुठे" एवढंच बोलतात. त्यांच्या फोनवर सारखे फोन येतात आणि त्या मागच्या दाराबाहेर जाऊन बोलतात. आज लाँड्रीचं यंत्र बंद होतं. एक वाक्य ऐकू आलं. "मग राहू दे तुमचा शिक्का, मी हे करणार नाही."

काय करणार नाही?

२७ मार्च, गुरुवार

आज त्या संस्थेच्या कार्यालयात गेले. हे व्हॅननं सोडायला आले, पण आत आले नाहीत. "तुझं तू," म्हणाले.

टॉर्चवाला नव्हता. त्याचे वरिष्ठ होते. पांढरी दाढी, टेबलावर पाण्याचा ग्लास, समोरच्याला पुरतं बोलू देणारे. मी सांगितलं की बाटली माझी होती. का ठेवली तेही सांगितलं. सांगताना ते किती पोरकट वाटत होतं ते माझं मला कळत होतं.

ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या विहीणबाई आमच्याशी खोटं बोलल्या."

हे मी धरलंच नव्हतं. मी त्यांना सोडवायला गेले आणि आणखी अडकवून ठेवलं. मी म्हटलं, "खोटं माझं होतं. त्यांनी फक्त झाकलं."

"आमच्याकडे झाकणारा माणूस सुद्धा अडचणीचाच असतो, बाई." मग त्यांनी चष्मा काढला. "एक सांगू का? आम्ही त्यांना पहिल्यापासून सांगत होतो की अर्ज एकट्या स्वतःच्या नावानं करा, तुमचं नाव त्यात नको. स्वयंपाकघर एकाच्या हाताखाली असलं की आमचं काम सोपं होतं. शिक्का लगेच मिळाला असता. त्यांच्या ओळखीच्या लोकांनीही सांगून पाहिलं. ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, नाव दोघींचं, नाहीतर कुणाचंच नको. काल फोनवर माझ्याशी भांडल्या."

मी खुर्चीतून उठलेच नाही. दुसरी माणसं आली, त्यांना थांबावं लागलं. शेवटी त्यांनीच पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मग म्हणाले, "पुन्हा अर्ज करा. पण आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी एका माणसानं घ्यावी लागेल. एकानं. ते माणूस तुम्ही नाही, हे मी आत्ताच सांगतो."

त्याच दिवशी, दुपारी

थेट स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई पातेली पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कार्यालयात गेले होते, काय बोलले, ते काय म्हणाले.

"बाटली तुमची आहे हे मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या देखत घरी नेली होती तुम्ही."

"मग माझी चूक असं का म्हणालात?"

त्यांनी फडकं पिळलं. "तपासनीस परका होता."

एवढंच. मला वाटलं आता रडतील, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. त्यांनी पातेलं जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पण तुमच्यावरचा माझा विश्वास गेलाय, विहीणबाई. तो काही शिक्क्यानं परत यायचा नाही. माझ्या मुलीशी लोक बोलत नाहीत. तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. वर्षभर शेजारी उभ्या आहात, एकदा तरी विचारायचं."

"तुम्ही काही सांगत नव्हता."

"काय सांगणार होते? की माझी माणसं तुम्हाला नको म्हणतायत? ते ऐकून तुम्ही थांबला असतात?"

कदाचित नसते थांबले. ताठा आहे माझ्यात.

३१ मार्च, सोमवार

अर्ज पुन्हा दिला. नाव दोघींचं. जबाबदार व्यक्ती म्हणून सही विहीणबाईंची. खरेदी आता त्यांच्याकडे, फडताळाची किल्ली त्यांच्याकडे. मी भाजी आणि भात.

कॉलेजनं आपल्याला अजून थोडी मुदत दिली आहे. मी काल सुनेकडे गेले होते. दार उघडलं, चहा दिला. सासूला देतात तसा, बशीसकट. तिच्या ओळखीच्या चारचौघांसमोर बाटलीचं खरं काय ते मी सांगेन म्हटलं. ती म्हणाली, "आधी आईला विचारा." विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "सांगा." तर येत्या रविवारी जाड चष्म्याच्या बाईंच्या घरी जायचंय.

७ एप्रिल, सोमवार

काल सांगून आले. कुणी काही बोललं नाही. जाड चष्म्याच्या बाईंनी मात्र निघताना दारापर्यंत सोडलं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

आज शिक्का मिळाला. टॉर्चवाल्यानं स्वतः आणून दिला. विहीणबाईंनी तो दाराजवळ लावला, मी लांबून वाकडा आहे का ते बघितलं.

क्लब काही परत आला नाही. कांदा चिरता चिरता मी विहीणबाईंना म्हटलं, "क्लबाला कुणी सांगितलं ते अजून कळलं नाही. माझा संशय लाँड्रीवाल्यावर आहे. भिंतीला कान लावून असतो."

त्या सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"काही नाही. घरचं माणूस आहे, जाऊ द्या."

लाँड्रीवाला घरचा कधीपासून झाला, मला कळत नाही. वन्संना फोन करून विचारणार आहे.

आज सकाळचं लिहायचं राहिलं. मी आत येत होते, विहीणबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "पिशवी." आठवडाभर रोज म्हणतात. पहिल्या दिवशी मला कानशिलात मारल्यासारखं झालं होतं. आज मीच आधी पिशवी उघडून धरली. डबा, रुमाल, चष्म्याचं घर, दोन लिंबं. लिंबंसुद्धा त्यांनी उलटीपालटी करून बघितली. घाई केली नाही. मीही केली नसती.